उन्हाळा उंबरठ्याच्या आत

मे महिन्यात नांदेडचा पारा किती आणि लातूरचा किती, हे वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छापून येते. तो आकडा हवामान खात्याच्या पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीतला असतो. पेटी मोकळ्या जागेवर उभी असते. आतल्या तापमापकाला ऊन लागत नाही, झडपांतून वारा मात्र खेळता राहतो. जगभर तापमान असेच मोजतात आणि ते योग्यच आहे. एरवी या गावाची त्या गावाशी किंवा यंदाची गतसालाशी तुलनाच करता आली नसती. पण त्या पेटीत कोणी राहत नाही. माणसे राहतात पत्र्याखाली, स्लॅबखाली, भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत. छप्पर कशाचे आहे, नळाला पाणी येऊन किती दिवस झाले, वीज कधी गेली आणि शेगडीपुढे कोण उभे आहे, यावर तिथला उन्हाळा ठरतो. उन्हाळ्याबद्दलची आपली सरकारी भाषा अजून ‘दुपारी बाहेर पडू नका’ एवढ्यावर थांबते. ऊन घरातच शिरले असेल तर माणसाने जायचे कुठे, याचे उत्तर त्या भाषेत सापडत नाही.

नांदेड आणि लातूर ही शेजारची शहरे, पण दोघांचा उन्हाळा सारखा नाही. लातूर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात, साडेतीनशे मीटरच्या आसपास. शंभर मीटर वर चढले की हवा साधारण अर्धा-पाऊण अंशाने उतरते. त्यामुळे लातूरची रात्र नांदेडपेक्षा थोडी सुसह्य असते. उलट नांदेडला विष्णुपुरीचा, म्हणजे शंकरसागर जलाशयाचा आधार आहे. लातूर धनेगावच्या मांजरा धरणावर अवलंबून, आणि ते धरण किती वेळा तळाला जाते हे लातूरकरांना पाठ आहे. एकाला ऊन जास्त, दुसऱ्याला पाणी कमी. घर चालवणाऱ्या बाईला विचारले तर ती सांगेल की या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच.

दिवसाची घडी मात्र दोन्हीकडे एकच. पहाटे चार-साडेचारला घर जागे होते, कारण त्या वेळी हवेत थोडा गारवा असतो आणि कधी कधी नळही तेव्हाच येतो. दहाच्या आत भाजी आणायची, अकराच्या आत स्वयंपाक उरकायचा. बारा ते चार दारे-खिडक्या लावून, पडदे ओढून पडून राहायचे. सहा वाजून गेले की नांदेडचे वजिराबाद आणि लातूरची गंजगोलाई पुन्हा माणसांनी भरते. रात्री दहा-अकरानंतर गच्चीवर बादलीभर पाणी मारून, जमीन निवल्यावर अंथरुणे पडतात. ही घडी पिढ्यान्‌पिढ्यांच्या शहाणपणातून बसली आहे. तिचा सगळा भर एका गृहीतकावर आहे: दुपारी घरात शिरले की ऊन बाहेर राहते. ते गृहीतक आता खरे उरलेले नाही. ते का उरले नाही, हे समजून घ्यायचे तर तीस-बत्तीस वर्षे मागे जावे लागते.

मराठवाड्यातले जुने घर म्हणजे माळवदाचे घर. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी सरे आणि तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पसरायची, त्यामुळे थर वाढत जायचा. खिडक्या लहान आणि मोजक्या. उजेडासाठी छताला एखादे गवाक्ष. अशी भिंत आणि असे छत सकाळी तापायला लागले तरी ती उष्णता आत पोचायला दहा-बारा तास लागतात. म्हणजे दुपारचे ऊन रात्री आत उतरते, आणि तेव्हा माणसे अंगणात किंवा माळवदावर बाजा टाकून झोपलेली असतात. दुपारी घर थंड, रात्री माळवद थंड. विजेचा एक दिवाही न लावता हे साधले होते.

हेच माळवद ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला लोकांच्या अंगावर आले. गणेश विसर्जन उरकून गावे गाढ झोपली होती. लातूर जिल्ह्यातले किल्लारी आणि आसपासची गावे, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले सास्तूर आणि त्याच्या भोवतालची गावे ढिगारा झाली. सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंप रिश्टर मोजपट्टीवर फार मोठा नव्हता. पण मातीत रचलेल्या गोल दगडांच्या भिंती सुटल्या आणि वरचा टनावारी मातीचा थर खाली बसला. त्यानंतर मराठवाड्यातल्या माणसाच्या मनात दगडमातीच्या घराची जी भीती बसली, ती आजही गेलेली नाही. ज्यांची घरे पडली नव्हती त्यांनीही पुढच्या काही वर्षांत माळवद उतरवून पत्रे टाकले. अनेक कुटुंबे कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहिली आणि पत्र्याखाली निदान जीव जात नाही, हा धडा घेऊन बाहेर पडली. त्या भीतीला कोणी नावे ठेवू नयेत. एका रात्रीत घरची सगळी माणसे गमावलेल्या माणसाला ‘माळवद थंड असते’ हे सांगणे क्रूरपणाचे आहे.

पण त्या पहाटेने आपला उन्हाळाही बदलला, हे मात्र आपण नीट ध्यानात घेतले नाही. पुनर्वसनात पन्नासच्या वर गावे नव्या जागी वसवली गेली. जुन्या गावात बोळ अरुंद असत, एका घराची सावली दुसऱ्याच्या भिंतीवर पडे. नव्या गावात रस्ते रुंद, घरे सुटी सुटी, झाडे नाहीत. भूकंपाच्या दृष्टीने ही रचना बरोबर होती. उन्हाच्या दृष्टीने प्रत्येक घर चारही बाजूंनी उघडे पडले. झाडे वाढायला वीस वर्षे लागतात, आणि जिथे लोकांनी कडुनिंब लावून जगवले तिथे ती आता सावली देतात. जिथे जगवता आले नाहीत तिथे दुपारी एकही माणूस रस्त्यावर दिसत नाही.

पत्र्याचे गणित सोपे आहे. तो पातळ असतो, ऊन पडले की काही मिनिटांत तापतो आणि ती धग थेट खाली टाकतो. मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या खोलीत उभे राहिले की डोक्यावर तवा धरल्यासारखे वाटते. सावलीत असूनही अंग भाजते, कारण शरीराला तापवते ती फक्त हवा नसते, वरून येणारी किरणांची धगही असते. त्यातल्या त्यात एकच दिलासा: सूर्य बुडाला की पत्रा लवकर निवतो. सिमेंटच्या स्लॅबचे उलटे. तो चार-पाच इंच जाडीचा. माळवदाएवढा जाड नाही की दुपार बाहेर थोपवून धरील, आणि पत्र्याएवढा पातळ नाही की संध्याकाळी निवेल. दुपारभर प्यालेले ऊन तो रात्री बारा-एकपर्यंत खोलीत सोडत राहतो. पंखा लावला तर तीच गरम हवा अंगावर येते. पैसा जोडून, कर्ज काढून, आयुष्याची हौस म्हणून बांधलेले पक्के घर रात्री झोपू देत नाही, अशी ही अवस्था आहे.

रात्रीचा हा मुद्दा आपल्याकडे फारसा बोलला जात नाही, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. दिवसभर शरीराने सोसलेल्या उष्णतेची भरपाई रात्री व्हायची असते. ती झाली नाही तर दुसऱ्या दिवशी माणूस आदल्या दिवसाचे ओझे घेऊन उठतो, तिसऱ्या दिवशी दोन दिवसांचे. म्हणून उष्णतेच्या लाटेत पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणसे जास्त आजारी पडतात. म्हातारे, लहान मुले, बाळंतिणी, मधुमेह आणि रक्तदाब असलेले लोक यात आधी सापडतात.

या बाबतीत जपानकडे बघावे. तिथे पस्तीस अंश म्हणजे कडक उन्हाळा. आपण हसू, कारण पस्तीस अंश आपल्याकडे होळीच्या आसपासच येऊन जातात. पण तिथली हवा समुद्रामुळे दमट, घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. ५ ऑगस्ट २०२५ रोजी इसेसाकी या गावी ४१.८ अंशांची नोंद झाली, आणि त्या देशात मोजमाप सुरू झाल्यापासूनचा तो सर्वांत तापलेला उन्हाळा ठरला. टोकियोतल्या मृत्यूंच्या तपासणीत दर उन्हाळ्यात तेच ते दिसते: उष्माघाताने गेलेले बहुतेक लोक साठीच्या पुढचे, बहुतेक घरातच गेलेले, आणि खोलीत एसी एक तर नव्हता किंवा असून बंद होता. काही जणांना वीजबिलाची काळजी होती, काहींना उकाडा जाणवलाच नाही, कारण वयाबरोबर तहान आणि उष्णता या दोन्हींची जाणीव मंदावते.

ही गोष्ट कळल्यावर जपानने मोजमापच बदलले. रात्रीचे किमान तापमान पंचवीसच्या खाली गेले नाही तर ती रात्र वेगळी मोजतात. तापमान, दमटपणा आणि उन्हाची धग एकत्र धरणारा निर्देशांक काढतात आणि तो ३३ च्या वर जाणार असेल तर आदल्या दिवशी त्या भागाला इशारा देतात. २०२४ पासून कायद्याने स्थानिक पालिका ग्रंथालये, सभागृहे, दुकाने अशा गार जागा ठरवून देतात. इशारा तीव्र असला की त्या सर्वांसाठी उघड्या ठेवाव्या लागतात. १ जून २०२५ पासून उन्हात काम करवून घेणाऱ्या मालकांवरही तिथे कायदेशीर जबाबदारी आली आहे. आपल्या हवामान खात्याची व्याख्या पाहा. मैदानी भागात पारा किमान चाळीस आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वर, किंवा थेट पंचेचाळीस, असे झाले तर उष्णतेची लाट. उष्ण रात्रीची नोंद आपल्याकडेही आहे, पण तीही सरासरीपेक्षा साडेचार अंश वर गेली तरच. नांदेडची मे महिन्यातली रात्र मुळातच सव्वीस-सत्तावीस अंशांची. जपानी मोजपट्टीने आपला जवळजवळ प्रत्येक मे पूर्ण महिनाभर धोक्याचा ठरेल. आपल्या मोजपट्टीने तो ‘सरासरीएवढा’ असतो आणि इशारा निघत नाही.

एसी परवडणारी घरे दोन्ही शहरांत वाढत आहेत. तरी मराठवाड्याचा खरा आधार कूलर आहे, आणि तो कसा काम करतो हे कळले की पाण्याचा आणि उन्हाळ्याचा संबंधही कळतो. ओल्या ताट्यांतून पंखा कोरडी हवा ओढतो, पाण्याची वाफ होते, आणि वाफ होताना एक लिटर पाणी सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता हवेतून काढून घेते. एप्रिल-मे महिन्यातली आपली हवा इतकी कोरडी असते की कूलर झकास चालतो. मृगाच्या तोंडावर ढग यायला लागले, हवा दमट झाली की तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो, कारण पाणी वाळतच नाही. आणि कूलर चालायचा तर दिवसाला कित्येक बादल्या पाणी लागते. लातूरच्या बोअरचे पाणी जड. पंधरा दिवसांत ताट्यांवर पांढरा क्षार धरतो, ताटी दगडासारखी होते, हवा येत नाही, आणि ऐन मेच्या मध्यावर नव्या ताट्या आणाव्या लागतात. ज्या घरी नळ काही दिवसांआड येतो, तिथे पिण्याचे, सांडायचे आणि कूलरचे पाणी अशी वाटणी करावी लागते. आधी कूलरचे पाणी तुटते.

२०१६ साली तर पिण्याचेच तुटले. मांजरा धरण आटले होते, शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याच्या दहा वाघिणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, साधारण पाच लाख लिटर पाणी घेऊन. नंतर पन्नास वाघिणींची ‘जलदूत’ धावू लागली, आणि पाऊस लागेपर्यंत ती येत राहिली. कृष्णेचे पाणी सुमारे साडेतीनशे किलोमीटर प्रवास करून आले, याची देशभर चर्चा झाली. त्या उन्हाळ्यात घराघरांतला कूलर कोरडा पडला होता, मुले शाळेऐवजी घागरींच्या रांगेत उभी होती आणि म्हातारी माणसे लेकीकडे, पुण्या-मुंबईला पाठवली जात होती, याची मात्र नोंद कुठल्याही अहवालात नाही. पाणीटंचाई आणि उष्णता ही सरकारी फायलींत दोन खाती असतील, घरात ती एकच आहेत.

कूलरबाबत आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दर उन्हाळ्यात मराठवाड्यात आणि विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसे जातात. त्यांत खेळता खेळता हात लावणारी मुले असतात आणि पाणी भरणाऱ्या बाया असतात. लोखंडी बॉडी, ओली फरशी, दोन पिनांचा प्लग आणि घराला नसलेले अर्थिंग, एवढे एकत्र आले की पुरते. महावितरण दरवर्षी सूचना काढते: तीन पिनांचा प्लग वापरा, पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढा, अनवाणी पायांनी हात लावू नका. आमच्या मते अर्थिंग असल्याची तपासणी करून देणे हे काम गावोगावच्या वायरमनवर सोपवून मार्चमध्येच उरकले पाहिजे. यासाठी कुठल्याही नव्या योजनेची गरज नाही.

उन्हाळा घरात सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. पुरुष दुपारी माळवदाखाली झोपत होता तेव्हाही बाई चुलीपाशी होती, आणि आता पुरुष कूलरपुढे असतो तेव्हाही ती पत्र्याच्या स्वयंपाकघरात शेगडीपाशी असते. बहुतेक घरांत कूलर बैठकीच्या खोलीत असतो, स्वयंपाकघरात खिडकीसुद्धा धड नसते. त्यात उन्हाळा म्हणजे तिच्या वर्षभराच्या कामांचा हंगाम. कुरडईचेच बघा. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे. मग वाटून, कापडातून पिळून चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा आणि वरचे पाणी अलगद ओतून टाकायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे मोठ्या पातेल्यात मीठ-हिंग घातलेले आधण ठेवून त्यात चीक सोडायचा आणि गुठळी होऊ न देता घाटत राहायचे. हे घाटणे सोपे नसते. चीक शिजत आला की लाकडी दांडका हलता हलत नाही, दोघी-दोघींना धरावा लागतो, आणि वाफ सरळ तोंडावर येते. उजाडायच्या आत चीक शिजला पाहिजे, कारण तो गरम असतानाच सोऱ्यातून गच्चीवरच्या कापडावर कुरडया घालायच्या असतात आणि ऊन चढायच्या आत खाली यायचे असते. सांडगे, पापड, शेवया, मिरच्या, डाळी, सालभराचे तिखट सगळे याच उन्हावर वाळते. कडक ऊन हे तिच्यासाठी कामाचे साधन आहे, आणि त्याची किंमत तीच मोजते.

त्यात लगीनसराई. पत्र्याच्या मंगल कार्यालयात किंवा कापडी मांडवात दुपारच्या मुहूर्तावर हजार-दीड हजार माणूस, आणि स्वयंपाकाची भट्टी मांडवाला लागून. २०१८ आणि २०२६ सारखा ज्येष्ठ अधिक आला की जावयाची धोंड्याची जेवणेही नेमकी याच दिवसांत येतात. पुरणाचे धोंडे तळायचे तेल कढईत उकळत असते तेव्हा बाहेर पारा बेचाळीसवर असतो. कोणी सण सोडा म्हणत नाही. मुहूर्त सकाळचा किंवा गोरजाचा धरता येतो, आणि अलीकडे काही घरे तसे करूही लागली आहेत. हे शहाणपण पसरले पाहिजे. बायकांच्या पाणी कमी पिण्याबद्दलही उघड बोलले पाहिजे. प्रवासात, लग्नात, शेतावर, बाजारात बाईला स्वच्छतागृह मिळत नाही, म्हणून ती घरून निघतानाच पाणी पीत नाही. मूत्रपिंडाचे आजार आणि उन्हाळी लागणे यांची सुरुवात अनेकदा इथेच होते.

लातूर आणि नांदेडला आणखी एक मोठे कुटुंब आहे: शिकायला आलेली मुले. लातूर पॅटर्नच्या नावलौकिकाने आणि आता नांदेडच्या शिकवण्यांमुळेही मराठवाड्यातली, शेजारच्या जिल्ह्यांतली हजारो मुले-मुली इथे खोल्या घेऊन राहतात. नीटची परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी दोन वाजता सुरू होते. म्हणजे तयारीचे शेवटचे दोन महिने नेमके उन्हाच्या चढत्या भाजणीत. वरच्या मजल्यावर, गच्चीला लागून पत्रा टाकून काढलेल्या खोल्या भाड्याने स्वस्त मिळतात, आणि त्यात राहणाऱ्या मुलाची आई गावाकडून फोनवर ‘ताक पी, दुपारी डोक्याला रुमाल बांध’ एवढेच सांगू शकते. आई-बाप शिकवणीची फी विचारतात, निकाल विचारतात. खोलीचे छप्पर कशाचे आहे हेही विचारावे. रात्री न झोपलेल्या मुलाचा अभ्यास होत नाही, आणि खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी छताला निदान पांढरा रंग द्यावा, ही अपेक्षा जास्त नाही.

शाळांच्या वेळांचा प्रश्न त्याला जोडूनच येतो. मार्चच्या अखेरीपासून शाळा सकाळच्या होतात, हे बरे. पण जूनमध्ये राज्यभर पंधरा तारखेच्या आसपास शाळा उघडतात आणि उन्हामुळे विदर्भात त्या उशिरा सुरू होतात. नांदेड जिल्ह्यातले किनवट आणि माहूर हे तालुके पैनगंगेच्या अलीकडे. पलीकडे यवतमाळ जिल्हा, म्हणजे विदर्भ. नदीच्या दोन्ही काठांवर ऊन तेच. पण एका काठावरची मुले वर्गात बसतात आणि दुसऱ्या काठावरची घरी असतात, कारण सवलत महसुली विभागाच्या सीमेवर संपते. शाळेचा पत्रा मात्र ती सीमा ओळखत नाही. या दोन तालुक्यांचा निर्णय तरी पाऱ्यावर व्हावा.

उष्णतेच्या कृती आराखड्याचा पाया देशात अहमदाबादने घातला. मे २०१० च्या लाटेत त्या एका शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे नंतर अभ्यासातून दिसले, आणि २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने इशारे, दवाखान्यांची तयारी आणि वस्त्यांतील प्रबोधन यांचा आराखडा केला. महाराष्ट्रात जाग आली ती बहुतांशी खारघरनंतर. १६ एप्रिल २०२३ रोजी तिथल्या मैदानावर पुरस्कार सोहळ्यात उन्हाने चौदा माणसे गेली. त्यानंतर दुपारच्या खुल्या कार्यक्रमांवर बंधने आली, उष्माघात कक्ष उभे राहिले. हे आवश्यकच होते. पण सभा हा एक दिवस असतो, आणि घर हे रोजचे.

म्हणून छपराचा विचार आराखड्यात पहिल्या पानावर यावा. यासाठी माळवदाकडे परत जायची गरज नाही. स्लॅबवर चुन्याचा दाट हात दिला तरी बरेच ऊन परत फिरते. पत्र्यावर चुना टिकत नाही, त्याला ऊन परतवणारा पांढरा रंग लागतो. पत्र्याखाली तुराट्यांचे किंवा बांबूच्या तट्ट्याचे दुसरे छत हातभर अंतर ठेवून बांधले तर वरची धग थेट अंगावर येत नाही. गरीब घरांत पत्र्यावर कडबा, पाचट टाकतात. ते गार वाटते, पण ठिणगी पडली तर घर जाते, तेव्हा तो मार्ग सुचवू नये. हैदराबाद आणि अहमदाबादच्या वस्त्यांत पांढऱ्या छतांचे प्रयोग झाले आहेत आणि आतली हवा दोन-चार अंशांनी उतरते असा अनुभव आहे. बेचाळीसवर दोन अंश थोडे वाटतील. रात्री झोप लागते की नाही, हे त्या दोन अंशांवर ठरते.

प्रधानमंत्री आवास योजनेतून ग्रामीण भागात पंचवीस चौरस मीटरचे घर आणि मैदानी भागासाठी एक लाख वीस हजारांचे मूळ अनुदान मिळते. तेवढ्यात माणूस भिंती उभ्या करतो आणि छताला आले की पैसे संपतात; मग पत्रा. या अनुदानात छताच्या पांढऱ्या रंगाची आणि आतल्या दुसऱ्या छताची रक्कम स्वतंत्रपणे धरली गेली, तर किल्लारीच्या भीतीचा मान राखून उन्हाळ्याचाही बंदोबस्त होईल. जिल्हा नियोजनातून हे करता येते. नव्या खर्चाची ओरड होईल, तेव्हा एक हिशेब मांडावा: रंगाच्या एका हाताचा खर्च आणि उष्माघाताने दवाखान्यात पडलेल्या मजुराची पंधरा दिवसांची बुडालेली मजुरी.

तोवर घरात जे करता येते ते तरी नीट व्हावे. कांदा खिशात ठेवल्याने ऊन लागत नाही, हा समज सोडावा. त्यावर विसंबून माणूस दुपारी निर्धास्त फिरतो. ताक, पन्हे, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी ही आपली जुनी औषधे मात्र खरोखर औषधे आहेत, कारण घामातून पाण्याबरोबर मीठही जाते. घाम यायचा थांबला, अंग भाजू लागले, बोलणे असंबद्ध झाले की तो उष्माघात. तेव्हा आधी सावलीत आणून कपडे सैल करायचे, अंगावर पाणी ओतून वारा घालायचा, काखेत आणि जांघेत बर्फ किंवा ओले फडके ठेवायचे आणि १०८ ला फोन करायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचे नाही. दवाखान्याच्या वाटेवरही अंग ओले ठेवायचे. पहिला अर्धा तास औषधापेक्षा पाण्याचा असतो. आणि दुपारी एकदा, शेजारच्या पत्र्याच्या खोलीत एकटे राहणाऱ्या आजी-आजोबांच्या दाराशी जाऊन हाक मारावी.

तेलंगणाने एप्रिल २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. सरकारी इमारतींना आणि सहाशे चौरस यार्ड किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या घरांना तिथे ऊन परतवणारे छत बंधनकारक आहे. धर्माबाद आणि देगलूरहून ते राज्य अगदी शेजारी आहे. तिथले ऊन आणि आपले ऊन एकच. नांदेड आणि लातूरच्या महापालिका आणि जिल्हा परिषदा यांनी पुढचा मार्च उजाडायच्या आत आपापल्या हद्दीतल्या शाळा, अंगणवाड्या, दवाखाने आणि घरकुले यांच्या छतांची यादी करावी आणि पहिला हात अंगणवाड्यांपासून द्यावा.